मिजेटचं कोरडं वजन

वाहनाचा प्रकार : बैलगाडी / ट्रॅक्टर / ट्रक (लागू नसेल ते खोडावे)

तिन्ही खोडले. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मी उत्तरेश्वर. गेवराईच्या अलीकडं, हायवेपासून आत माळावर एक सहकारी साखर कारखाना होता, तिथं मी काट्यावर क्लार्क होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो आता कुठल्याच यादीत सापडत नाही, आणि गेलेल्याला उगाच उचकी कशाला लावा. काटा म्हणजे वजनकाटा. बाहेर जमिनीलगत बसवलेला लोखंडी फलाट, त्यावर उसाची गाडी उभी राहायची. आत माझ्या खोलीत पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारा गोळा. गोळा सरकवत न्यायचा, दांडी तरंगली की वजन झालं. पाच किलोच्या खालचं आमचा काटा बोलत नसे. गाडी एकदा भरलेली मोजायची, एकदा रिकामी, मग वजाबाकी, मग पावती. उसासोबत पाला-पाचोळा येतो म्हणून शेकडा एक पाचट वजा, तेही पाच किलोच्या पटीत. माणसं आयुष्यात काही ना काही मिळवतात. मी वजा केलं.

ऊस घालणारा शेतकरी आणि काट्यावरचा क्लार्क यांचं नातं सासू-सुनेचं असतं. शेतकऱ्याला गाडी भरतानाच वजन कळलेलं असतं, आणि काटा नेहमी त्याहून कमी सांगतो. म्हणून तो खिडकीतून मुंडकं आत घालून दांडीकडं बघत राहतो. बहात्तर गावांची तंबाखू मी माझ्या डाव्या कानानं ओळखत असे. माझ्याबद्दल तालुक्यात एकमत होतं : 'काटामार भाऊसाहेब'. शिवकन्या, म्हणजे आमची मंडळी, बाजारात गेली की भाजीवाली म्हणायची, "बिनघोर घे बाई. तुमच्या घरचा काटा न्हाई ह्यो."

मी कधी कुणाचं उसाचं कांडंसुद्धा मारलं नव्हतं. पण हे सांगायचं कुणाला? वजनमापाचे निरीक्षक दरवर्षी काटा तपासून शिक्का मारून जात. ते चेअरमनसाहेबांकडं जेवत, त्यामुळं त्या शिक्क्याला रस्सा लागलाय, असं आश्रुबा नाना गावोगाव सांगत.

आश्रुबा नाना म्हणजे विरोधी पॅनेल. पॅनेलात आणखी माणसं होती. पण नाना उठले की ती उठत आणि नाना बसले की बसत.

सत्याऐंशीचं साल. पाऊस गेला. जो काही ऊस उभा होता तो छावणीतल्या जनावरांनी खाल्ला, आणि कारखान्याचं बॉयलर पेटलंच नाही. माणसं कमी करायची ठरलं. नानांनी जाहीर केलं की सुरुवात काट्यापासून करायची, आणि त्यासाठी जादा सभा मागितली. चेअरमन भगवानरावांनी मला बंगल्यावर बोलावून प्रेमानं सांगितलं, "उत्तरेश्वर, तू चोर न्हाईस हे मला माहीत हाय. पण सभेला माहीत व्हाया पायजे ना. न्हाई झालं, तर मी तरी काय करू?"

म्हणजे नोकरी आणि नाव दोन्ही फलाटावर, आणि गोळा आश्रुबा नानांच्या हातात.

पाचट

(हा भाग घाईतल्या वाचकानं वजा केला तरी चालेल. आम्ही कारखान्यात करतच होतो.)

हायवेला कय्युमचं गॅरेज होतं. कय्युम माझा शाळेपासूनचा दोस्त. औरंगाबादच्या रद्दीतून त्याला मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं मिळाली होती. तो चित्रं बघायचा : लाल, हिरव्या, बिनटपाच्या, दोनच माणसांच्या गाड्या, एक गोणी ठेवायची तर बायकोला उतरवावं लागेल अशा. मी शेवटच्या पानावरचा वजनाचा रकाना वाचायचो. लोकांना मोटारीचा वेग दिसतो, मला वजन दिसायचं. लोटस सेव्हन पाचशेच्या आसपास, म्हणजे एक पोसलेला देवणी बैल. एमजी-बी नऊशेच्या वर, म्हणजे चेअरमनसाहेबांच्या फियाटएवढीच. मग तिला स्पोर्ट कशाबद्दल म्हणायचं हे मला आजही कळलेलं नाही. आणि या दोघींच्या मधे मिजेट.

मिजेटवरून आमचं वाजलं. एका मासिकात ती साडेसहाशेच्या आत होती, दुसऱ्यात सातशे दहा. कय्युम म्हणाला, दोघांतला एक झूठ बोलतोय. मी बारीक अक्षरं वाचून काढली. पहिलं कोरडं वजन होतं : पेट्रोल नाही, पाणी नाही, जादाचं चाक नाही. दुसरं सगळं भरून, रस्त्यावर निघायला तयार असलेल्या गाडीचं. कुणी कुणी तर त्यात ड्रायव्हरही धरतात. म्हणून दोन गाड्यांची तुलना करायची तर आधी कुठलं वजन ते विचारावं. मी त्याला उसाचं उदाहरण दिलं. आज तोडलेला ऊस आणि दोन दिवस उन्हात पडून राहिलेला ऊस. ऊस तोच, वजन वेगळं.

कय्युमनं चहाची बशी खाली ठेवली. "ऊस वाळतंय. लोखंड कधी वाळतंय का बे?"

हे भांडण कित्येक वर्षं चाललं. गाडी दोघांनीही पाहिलेली नव्हती. त्यामुळं ते छान चाललं.

सभासदाचे नाव : करामत अली, रा. हैदराबाद

दिवाळी होऊन गेली होती, आणि तेव्हाच टँकर सुरू झाले होते. हैदराबादचे दातांचे डॉक्टर करामत अली लेकीकडं औरंगाबादला निघालेले, आणि रेडिएटर फुटून बरोबर कय्युमच्या दारात वाफ सोडत थांबले. गाडी मिजेट. मासिकातलीच, फक्त चित्रात तिच्यावर धूळ नव्हती. निरोप मिळाला तसा मी सायकल मारत गेलो. कय्युम चपला काढून गाडीभोवती फिरत होता.

आता जे झालं ते नीट बघा, कारण पुढं त्याच्यावर माझी अब्रू तोलली गेली. रेडिएटर सांधायला गॅस वेल्डिंगचा सेट हवा होता आणि तो फक्त कारखान्याच्या वर्कशॉपात होता. कय्युमनं गाडीतलाच जॅक लावून तोंड उचललं आणि रेडिएटर सोडवून घेतला. गाडी मागं ठेवून यायला डॉक्टर तयार नव्हते, म्हणून तीही ओढत न्यायची ठरली. ठिणगीची भीती, म्हणून टाकीतलं पेट्रोल कॅनमधे काढलं. ओढायला हलकी पडावी म्हणून स्टेपनी, कापडी टप आणि टपाचा सांगाडा दुकानातच ठेवला. रेडिएटर सायकलच्या कॅरियरला बांधला. आणि गाडी ओढायला बैल आणले ते नेमके आश्रुबा नानांचे, कारण छावणीत उभे राहून त्यांना काही काम नव्हतं. बैलांना आणि नानांनाही.

डॉक्टर स्टिअरिंगवर, नाना कासरा धरून पुढं, मी बाजूनं. चालता चालता मी डॉक्टरांना विचारलं, नाहीतरी गाडी कारखान्यात चाललीच आहे, तर काट्यावर घेऊ का? एका दोस्ताशी जरा वाद आहे.

"तौल लीजिए," डॉक्टर म्हणाले. "हमने तो इससे कभी वजन पूछा नहीं. उम्र भी नहीं पूछी."

नानांनी मागं वळून पाहिलं. "कावून मोजायची? हिचं वजन ठावं न्हाई का?"

आणि मी, ज्याला वीस वर्षांच्या नोकरीनं कमी बोलायला शिकवायला हवं होतं, मी सांगितलं, "आहे की नाना. पुस्तकात छापलंय. सातशे दहा." दोन्ही आकडे पाठ असताना मोठाच का तोंडात आला, ते मला माहीत नाही.

नानांनी बैल थांबवले.

"म्हंजे ही गाडी तू मोजलेली न्हाई, म्या मोजलेली न्हाई. इंग्लंडात मोजलेली हाय."

"हो."

"अन् ती तुझ्या काट्यावर चढणार."

"हो," मी म्हणालो. मग मला कळलं मी काय म्हणालो ते.

उसाची जात : को ७४०

आम्ही कारखान्यावर पोचायच्या आधी बातमी पोचली होती. छावणीतली माणसं जनावरं सोडून आली होती. कॉलनीतल्या प्रत्येक घराकडं माझ्यासाठी सल्ला होता. स्टोअरकीपर म्हणाले, एकेक चाक वेगळं मोजा आणि बेरीज करा. शेजारच्या केशरबाईंनी दांडीला बांधायला लिंबू-मिरची पाठवली. तिचं वजन धरायचं की नाही यावर वेगळी चर्चा झाली. एकजण म्हणाला, आधी डॉक्टर मोजून घ्या, नंतर भांडण नको. शहाणपणाचं एकटी शिवकन्या बोलली. ती म्हणाली, "मोजूच नका. न मोजलेलं वजन कुणी खोटं म्हणत न्हाई."

पण आता माघार म्हणजे कबुली.

काट्याला हंगामाचं सील होतं. चेअरमनसाहेब म्हणाले, सील उघडायचं म्हणजे हंगाम सुरू करणं आलं, आणि मोळीपूजनाशिवाय हंगाम सुरू केला तर पुढच्या सालीही पाऊस नाही. पूजेला उसाची मोळी हवी. अख्ख्या कार्यक्षेत्रात ऊस नव्हता. शेवटी फाट्यावरच्या राधाकिशनच्या रसवंतीतून दोन ऊस आणले, त्यातला एक चरकातून अर्धा जाऊन आलेला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, मिजेटच्या नाकाडावर झेंडूचा हार पडला. काट्यावर पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार करायची आमची रीत. ती मोडायची कशाला, म्हणून करामत अलींना शाल, श्रीफळ. डॉक्टरांनी उभं राहून भगवानरावांना सलाम केला आणि जवळून त्यांचे दात बघितले.

माझा मदतनीस शहादेव. पावतीतला एक रकाना रिकामा राहिला तर त्याला जेवण जात नसे. मी त्याला समजावलं की ही मोटार आहे. तो म्हणाला, "मोटार असू द्या, ऑडिट तर होईल ना?" म्हणून उसाची जात को सातशे चाळीस, तोडणी टोळी कय्युम. गाडीत ऊस नव्हता असंही म्हणता येत नाही. तो अर्धा पिळलेला ऊस डॉक्टरांच्या सीटवरच ठेवलेला होता. मी तो उचलून बाहेर काढला. तेवढं भान मला होतं.

भरलेले वजन

फलाट रिकामा केला. फलाटावर पाय ठेवून उभ्या असलेल्यांना दोनदा खाली उतरवलं. गाडी एकटी उभी राहिली. मी आत जाऊन गोळ्याला हात लावला. खिडकीतून आश्रुबा नानांचं मुंडकं माझ्या डाव्या कानाशी आलं. त्यांच्या मागं पॅनेलची.

दांडी तरंगली. सहाशे पंचेचाळीस.

मी पावती लिहिली आणि खिडकीतून दिली. नानांनी ती वाचली, मग दांडीकडं बघितलं, मग परत वाचली.

"दांडीवर पंचेचाळीस. कागदावर चाळीस."

मी पावती हातात घेतली. माझंच अक्षर. वीस वर्षांच्या सवयीनं माझ्या हातानं मोटारीचं पाचट वजा केलं होतं.

लोक हसले असते तर मी वाचलो असतो. कुणी हसलं नाही. नाना पावती हातात धरून सगळ्यांकडं वळले आणि अगदी शांतपणे बोलले. "पुस्तकात सातशे दहा. कागदावर सहाशे चाळीस. डाक्टरची मोटार, समदं गाव बघायला, तरी सत्तर किलो गायब. आपल्या उसाला तर कुणी बघायला बी नसतं."

शिवकन्या वर्कशॉपच्या भिंतीशी उभी होती. तिनं पदर पुढं ओढला आणि ती खाली बघू लागली. मला ते दिसलं. ते मला आत्ताही दिसतं.

मी बाहेर आलो. म्हणालो, "पाच किलो माझी चूक. बाकीचं नाही. नाना, गाडी कोरडी आहे."

"आख्खा जिल्हा कोरडा हाय," नाना म्हणाले. "त्याचं वजन कमी झालं का?"

यावरचं उत्तर भौतिकशास्त्राकडं असेल. पण ते त्या दिवशी हजर नव्हतं.

तेव्हा कय्युम पुढं आला. इतकी वर्षं माझ्याशी भांडलेला कय्युम. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वाळतंय, नाना," तो म्हणाला. "लोखंड बी वाळतंय. पन ओलं करता येतंय. मी हिचा ओलावा दुकानातून घेऊन येतो. तवर कुनी हलू नका."

आणि चेअरमनसाहेबांच्या फियाटची किल्ली त्यानं चेअरमनसाहेबांच्या हातातून घेतली. असं त्याआधी कुणी केलं नव्हतं.

वाढ (पावतीत असा रकाना नाही. मी हातानं आखला.)

तोवर वर्कशॉपात रेडिएटर जोडून झाला. तो गाडीत बसवला, आणि गोळा जरा पुढं सरकवावा लागला. कय्युम आला. स्टेपनी ठेवली, दांडी उठली, गोळा पुढं. टप आणि सांगाडा, गोळा पुढं. कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. टाकी भरेना, तेव्हा कमी पडलेलं भगवानरावांच्या फियाटमधून नळीनं ओढून काढलं. चेअरमनसाहेब शेवटच्या क्षणापर्यंत दुसरीकडं बघत राहिले. खिडकीत आता मुंडकी मावेनात. नाना प्रत्येक वस्तू आधी स्वतः उचलून बघत होते आणि मगच गाडीत ठेवू देत होते. हळूहळू सगळे मोठ्यानं आकडा म्हणायला लागले, लिलावात म्हणतात तसा.

राहिलं पाणी.

कॉलनीचा टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता. प्रत्येकाच्या घरात पाणी होतं आणि कुणाच्याच घरात नव्हतं. मी कुणाला मागणार होतो? आणि कुठल्या तोंडानं?

छबुबाई टँकरवरून घरी निघाली होती, काखेत घागर. ती छावणीवर शेण काढायची. तिचा ऊस नव्हता, शेअर नव्हता, कुठलं पॅनेल नव्हतं. एवढी माणसं कशाला जमलीत म्हणून थांबली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, गर्दी बाजूला सारत पुढं आली आणि कय्युमला म्हणाली, "कुठं वतायचं दाव."

"मावशी, अर्धीच," कय्युम म्हणाला.

"वतते की मापानं. ह्या सालात तुमी काय ऊस पिकवीत न्हाईत. ह्या भाऊसाहेबाची अब्रू तरी जगू द्या."

रेडिएटरच्या तोंडाला पाण्याची धार लागली. लहान मुलाला पाजताना बघावं तसे सगळे मोटारीकडं बघत होते. दांडी थोडी थरथरली आणि वर उठली.

मी गोळा सरकवला. सातशे पाच.

"सातशे पाच," शहादेव मोठ्यानं म्हणाला. टाळ्या वाजल्या. कुणीतरी उरलेला नारळ फोडला.

नाना मात्र खिडकीतून हलले नाहीत. "अन् पाच?"

मी आठवून बघितलं. कय्युमनं आठवून बघितलं. डॉक्टर म्हणाले, "मियाँ, हम भी तो पहले से दुबले हुए हैं, गाडी भी हुई होगी." पण नाना दातांच्या डॉक्टरांवर भाळणारे नव्हते.

जादा सभेत आश्रुबा नाना उठले, पॅनेल उठलं. नाना एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब चोर न्हाई. पन पाच किलो देनं लागतोय." आणि बसले. माझी नोकरी राहिली. 'काटामार' हे नाव गेलं. त्याऐवजी तालुका मला 'पाच किलो' म्हणायला लागला. भाजीवाली शिवकन्येला तराजूत एक वांगं जास्त टाकून म्हणायची, "हे तुमच्या मालकाचं." बढतीच म्हणायची. पण ती अपुरी होती, आणि ते मला रात्रंदिवस टोचत राहिलं.

रिकामे वजन : —

डॉक्टर पुन्हा आले नाहीत. मिजेटही नाही. पावती ते मागून घेऊन गेले, दवाखान्यात लावायला. हैदराबादेत कुठल्या तरी भिंतीवर, दात दुखणाऱ्या माणसांसमोर, करामत अलींनी आमच्या कारखान्याला घातलेला ऊस टांगलेला असेल.

निव्वळ

पुढचा पाऊस बरा झाला, आणि त्याच्या पुढच्या हंगामात बॉयलर पेटलं. मोळी यावेळी खरी होती. पूजेच्या सकाळी कय्युम सायकलवरून धापा टाकत आला आणि त्यानं माझ्या टेबलावर काहीतरी लोखंडी ठेवलं. टेबल हललं.

मिजेटचा जॅक.

"पलंगाचा पाय मोडलेला," कय्युम म्हणाला, "तिथं लावलतो. त्याच दिवशी. रेडिएटर काढला, गाडी खाली घेतली, जॅक बाजूला पडलेला. मला वाटलं माझाच हाय. काल घर सारवायला पलंग काढला, बायको म्हणाली, ह्याच्यावर इंग्रजी कावून लिवलंय?" त्यानं घाम पुसला. "दोन साल मी तुझ्या अब्रूवर झोपलतो बे."

मी उठून जॅक फलाटावर नेऊन ठेवला. काटा पाच किलोच्या खालचं बोलत नसे, हे मी आधीच सांगितलंय. तो बोलला. अगदी जेमतेम, दांडीचं टोक उचलून, पण बोलला.

जॅक मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही.

पहिली गाडी आश्रुबा नानांची होती. तेच बैल, आता पाठीवर मांस चढलेले. गाडी फलाटावर चढली आणि नाना खिडकीशी आले. मुंडकं आत घालायच्या आधी त्यांना जॅक दिसला. त्यांनी तो उचलला, हातात झुलवला, उलटा करून त्यावरची अक्षरं बघितली. वाचता येत नव्हती, तरी बघितली. मग बाहेर उभ्या असलेल्या कय्युमकडं बघितलं. कय्युम आभाळाकडं बघत होता.

नानांनी जॅक होता तिथं ठेवला. मग त्यांनी जे केलं, ते आमच्या काट्यावर त्याआधी कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि नंतर कारखाना बंद पडेपर्यंत फार जणांनी केलं नाही. त्यांनी खिडकीकडं पाठ केली. कट्ट्याला टेकले, बंडीतून तंबाखूची डबी काढली आणि समोर उसानं भरलेल्या गाड्यांच्या रांगेकडं बघत चुना लावून ती मळत राहिले.

मी गोळा सरकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डाव्या कानाला वारा लागला.

"झालं का?" पाठमोऱ्यानंच त्यांनी विचारलं.

"झालं नाना."

त्यांनी मागं हात करून पावती घेतली आणि न वाचता बंडीत घातली.

"पाचट धरलंस ना?"

"धरलं."

"धर," नाना म्हणाले. "ह्यो ऊस हाय."